सहा दारांची खोली

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तू नुसता "हं, हं, पुढे?" म्हणतोस. ऐकतोयस की शब्दकोशाची कार्डं लावतोयस ते मला कळत नाही, म्हणून लिहिते. शिवाय तुझी जुनी अट आहेच : जे मला तुला पत्रात समजावता येत नाही ते मलाच समजलेलं नाही, असं धरायचं. तर चष्मा पूस आणि बस नीट.

आमचं यंत्र असं. औषधाच्या काचेच्या कुप्या पट्ट्यावरून सरकत येतात, मिनिटाला सहाशे. वर कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. ज्या कुपीला केसाएवढीही चीर असेल ती हवेच्या फुंकरीने बाजूला उडवायची. चीर आहे की नाही हे ठरवते एक चिप. ही चिप कोरी येते. आत हजारो बारक्या खोल्या, खोल्यांमधून तारा. कुठल्या खोलीने काय करायचं आणि कुठली तार कुठे जोडायची, ते आपण ठरवायचं. मी दोन वर्षं तेवढंच ठरवतेय.

आता अडचण. चिपमध्ये दर चार नॅनोसेकंदांनी एक ठोका पडतो. (सेकंदाचे शंभर कोटी तुकडे कर, त्यातले चार.) एका ठोक्याला निघालेला संकेत पुढचा ठोका पडायच्या आत पोचला पाहिजे. माझा सगळ्यात लांबचा रस्ता सात खोल्यांमधून जातो आणि त्याला लागतात चार पूर्णांक अडतीस शतांश. अडतीस शतांश जास्त, म्हणजे तीनशे ऐंशी पिकोसेकंद उशीर. एवढ्या उशिरानेसुद्धा चिप भलतंच वाचते. चिरलेली कुपी पास, चांगली बाद.

हे कळतं कसं? घड्याळ लावून नाही. चिप बनवणाऱ्यांनी प्रत्येक खोलीचं, प्रत्येक तारेचं मोजमाप करून विलंबाची मॉडेलं दिलेली असतात, आणि आपण कमांड टाइप करून ती विचारायची : या खोलीला किती वेळ? या तारेला किती? मी दिवसभर हेच विचारत बसते. उत्तरादाखल दर वेळी चार वेगवेगळे आकडे येतात.

वेगवान चिप घे म्हणशील. ती तापते, आणि चिप बसते ती आमची पेटी हवाबंद, पंखा चालत नाही. साहेबांनी ३० मार्च ही तारीख दिलीय. तोवर जमलं नाही तर बाहेरून तयार पेटी आणायची आणि माझा बोर्ड कपाटात. कपाट कुठलं तेही त्यांनी दाखवून ठेवलंय.

आमच्या खोलीत आम्ही दोघंच. मी आणि भिंगकाका. भिंगं आणि दिवे त्यांच्याकडे, म्हणून भिंगकाका. चार महिन्यांनी निवृत्त होतील. भिंगकाका नसते तर मी केव्हाच पळाले असते. कुपीवर उजेड कुठून पडला की चीर दिसते हे भिंगकाका बोटांनी सांगतात, डोळ्यांनी नाही. आणि कुलपांचं भारी वेड! भिंगं कुलपात, पेचकस कुलपात, चहाचा डबासुद्धा कुलपात. मी म्हटलं, "काका, चहा कोण चोरणार?" भिंगकाका म्हणाले, "तूच. काल तीन कप झाले."

समजलं का? समजलं असेल तर मलाही समजलं.

तुझी ठमी


११ फेब्रुवारी

चि. ठमाबाईंस अनेक आशीर्वाद. त्यांतले दोन-तीन जरी कामी आले तरी पुष्कळ.

पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात कळले असे वाटले, दुसऱ्या वाचनात तो गैरसमज दूर झाला. तुझी मामी मात्र एकाच वाचनात म्हणाली, "पोरगी बारीक झाली असणार." शास्त्रार्थ आपापल्या ठिकाणी.

मला जे उमगले ते असे : तू एका वस्तूला विचारतेस की तुला किती वेळ लागतो, आणि ती वस्तू चार उत्तरे देते. यात मला नवल वाटले नाही. आमच्याकडे एका सूत्रावर चार टीकाकार असतात, चौघांचे चार अर्थ, आणि चौघांची खात्री एकच की बाकीचे तिघे गाढव. अशा वेळी मी काय करतो, सांगतो. सगळ्यांत आटोपशीर अर्थ उचलतो आणि कार्डावर लिहून मोकळा होतो. तूही चारांतला सर्वांत लहान आकडा घे. तीनशे ऐंशी पिकोसेकंदांचा प्रश्न मिटेल आणि साहेबांचे कपाट रिकामे राहील.

हसू नकोस. किंवा हस, पण का हसलीस ते लिही.

आणखी एक. एकेका खोलीला लागणारा वेळ विचारतेस ते ठीक. पण सात खोल्यांची आणि मधल्या तारांची बेरीज चार पूर्णांक अडतीस शतांश येते, हे तू मला दाखवलेले नाहीस. नुसते सांगितलेस. माझ्या हाताखालच्या कोणी असे केले असते तर मी कार्ड परत पाठवले असते. बेरीज मांडून पाठव. मला आकड्यांतले कळत नाही, पण मांडणीतले कळते.

भिंगकाका मला आवडले. चहा कुलपात ठेवणारा माणूस मूळचा उदार असतो. जो देतो त्यालाच संपण्याची भीती.

मामी कडेला लिहू इच्छिते, पण कडेला जागा नाही. तिचे म्हणणे : वेळेवर जेव.

आटोपशीर अर्थाचा कैवारी,
मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

खूप हसले. का, ते आता ऐक.

लहान आकडा घेता येत नाही. दोन आकडे थंड हवेतले, वीज भरपूर असतानाचे, चिप तरतरीत असतानाचे. दोन आकडे भट्टीसारख्या गरम कारखान्यातले, वीज कमी, चिप आळसावलेली. आणि त्यातही जास्तीत जास्त आणि कमीत कमी. उशिराची गोष्ट असेल तेव्हा गरम दिवसाचा मोठ्यात मोठा आकडाच धरायचा. तुझ्या चार टीकाकारांपैकी जो सगळ्यात किरकिरा तोच खरा.

पण मामा, बेरीज! तुझ्यावर चिडूनच मांडायला बसले. दाखवतेच याला, म्हटलं. सात खोल्या, आठ तारा, पेन्सिलीने एकाखाली एक. बेरीज आली चार पूर्णांक आठ शतांश. परत केली, परत तीच. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट म्हणतो ४.३८, माझी बेरीज म्हणते ४.०८. तीनशे पिकोसेकंद गेले कुठे?

मग तुझ्यासाठी खोलीचं चित्र काढायला घेतलं. एक चौकोन, एक दार आत, एक दार बाहेर. आणि काढतानाच वाटलं की मी खोटं काढतेय. खोलीला आत यायला सहा दारं असतात आणि प्रत्येक दाराचं मॉडेल वेगळं! मी कमांड द्यायचे, सहा ओळींची यादी यायची आणि माझी स्क्रिप्ट, म्हणजे उत्तरं वेचायला मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, त्यातली पहिली ओळ उचलून बाकीच्या टाकून द्यायची. दोन वर्षं. पहिली ओळ नेमकी सगळ्यात जलद दाराची.

स्क्रिप्ट दुरुस्त केली, सगळ्या दारांचं विचारलं. सातपैकी तीन खोल्यांत सगळ्यात उशिरा येणारा संकेत सगळ्यात मंद दारातून आत शिरतोय. दर खोलीला शंभर पिकोसेकंदांचा फरक. आपण घाईत असावं आणि नेमकं तेच दार पुढ्यात यावं ज्याची कडी अडकते, तसं.

असं व्हायला नको होतं. कुठला संकेत कुठल्या दाराने न्यायचा हे सॉफ्टवेअर स्वतःच बघतं, उशिरा येणाऱ्याला जलद दार देतं. मग इथे का दिलं नाही? नियमांची फाइल उघडली. खाली, अगदी तळाशी, दोनशे बारा ओळी. दारं कायमची बांधून टाकलेली. सॉफ्टवेअर बिचारं हलवणार काय?

आणि असं कुलूप लावणारा आमच्या खोलीत एकच माणूस आहे. ओळखलंस ना? भिंगकाका! दिव्यांच्या चाचण्यांसाठी भिंगकाका माझ्या मशीनवर बसतात. लावली असणार कुलपं आणि गेले असणार विसरून. दोन वर्षं मी रक्त आटवतेय आणि भिंगकाका शेजारी बसून चहाच्या डब्याची किल्ली फिरवतायत. उद्या साहेबांच्या बैठकीत सरळच विचारणार आहे.

चित्र सोबत पाठवतेय. सहा दारं मोजून घे.

विजयी,
ठमी


२७ फेब्रुवारी

चि. ठमे,

दारे मोजली. सहा भरली. मामीने सात मोजली, पण तिने तुझ्या सहीची वेलांटीही धरली.

अभिनंदन. माझ्या अज्ञानाचा असा सदुपयोग याआधी कोणी केला नव्हता. चिडून केलेली बेरीज बहुधा बरोबर येते, हा माझा जुना अनुभव आहे.

एकच शब्द खुपला. "सरळच". तू लहानपणी "सरळच विचारते" म्हणालीस की घरातली माणसे खोली सोडून जात, हे तुला आठवत नसेल. मला आठवते, कारण जाणाऱ्यांत मी पुढे असे. आमच्या कोशाच्या कार्यालयात प्रत्येक कार्डाच्या तळाशी लिहिणाऱ्याची आद्याक्षरे आणि तारीख असते. कार्ड चुकलेले आढळले की आधी तळ पाहायचा, मग माणूस. तुमच्या त्या फाइलींना असा काही तळ नसतो का? कोणी कधी काय बदलले याची नोंद? असेल तर बैठकीआधी पाहून घे.

हे पत्र बैठकीनंतर पोचेल, हे लिहितानाच कळते आहे. तरी लिहितो. उशिरा पोचलेला सल्ला निदान पुढच्या वेळी लवकर पोचलेला ठरतो.

मामा


८ मार्च

मामा,

पत्र मिळालं. बांधलेली दारं सोडली. अपेक्षेप्रमाणे तीनशे पिकोसेकंद मिळाले. अजून ऐंशी उरलेत. रोज मॉडेलं विचारतेय, स्क्रिप्ट आता पूर्ण रस्ता एकदम विचारते, पण खोल्यांत काढण्यासारखं काही राहिलेलं नाही. उरलंय ते तारांमध्ये आहे.

दिवे जरा हललेत, त्यामुळे चाचण्या नीट होत नाहीत. बघू.

बावीस दिवस आहेत. इकडे बाकी सगळं ठीक. मामीला सांग की जेवते.

ठमी


१४ मार्च

चि. ठमीस,

"बाकी सगळं ठीक" हे तीन शब्द माणूस कधी लिहितो यावर मी एक लहानसा प्रबंध लिहू शकेन. तो नंतर. आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट.

एखादा शब्द ग्रंथात वारंवार येत असतो आणि एका प्रकरणात अचानक येतच नाही. अशा वेळी दोन शक्यता असतात. एक, ते प्रकरण दुसऱ्या कोणाचे. दोन, मधल्या काळात काहीतरी घडले. सवयीने तुझी पत्रे काढली आणि मोजदाद केली. चार फेब्रुवारीच्या पत्रात "भिंगकाका" पाच वेळा. वीस फेब्रुवारीच्या पत्रात तीन वेळा, तेही एकाच दमात. आठ मार्चच्या पत्रात शून्य. दिवे हललेत, आणि दिव्यांच्या माणसाचे नाव नाही. अक्षर तुझेच आहे, तेव्हा पहिली शक्यता बाद.

काय झाले ते विचारत नाही. सांगायचे तेव्हा सांग. तोवर माझेच ऐक.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुळारी होते. छपाईचे खिळे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. छापून आलेल्या पानात एक संपूर्ण नोंद उलटसुलट झालेली मला दिसली आणि मी कार्यालयात सर्वांसमोर त्यांना इतके निर्दोष, इतके डौलदार बोललो की शिपायानेही दाद दिली. चार दिवसांनी मूळ कार्ड सापडले. चूक कार्डातच होती, आणि तळाशी आद्याक्षरे माझी.

मी क्षमापत्र लिहिले. दोन पाने. त्यात मुद्रणकलेचा इतिहास होता, मानवी स्मृतीच्या मर्यादा होत्या, त्यांच्या वडिलांचा गौरव होता. मामीला वाचून दाखवले. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "सगळं आहे. फक्त 'मी चुकलो' एवढंच राहिलंय." मी पुन्हा वाचले. खरेच नव्हते. दोन पाने मी त्या दोन शब्दांना वळसा घालत चाललो होतो.

ते जुळारी पुढे माझ्याशी बोलले, पण पूर्वीसारखे पानातल्या चुकांवरून भांडले मात्र नाहीत. अजून ते भांडण मला हवे आहे.

बेरीज मांडून पाठव म्हणत नाही. एवढेच म्हणतो की यादीतल्या पहिल्याच ओळीवर थांबू नकोस.

मामा


१९ मार्च

प्रिय मामा,

तू फार वाईट माणूस आहेस. मोजतोस काय!

सांगते. बैठकीत साहेब होते, ज्यांच्यासाठी हे यंत्र बनतंय ते कुपीवाले दोघं होते. मी पडद्यावर त्या दोनशे बारा ओळी दाखवल्या आणि म्हटलं, "काका, हे उद्योग तुमचे ना? दोन वर्षं वाया घालवलीत माझी." अगदी याच शब्दांत. काका ओळींकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "असेल. मीच केलं असेल." एवढंच. मला तो टोमणा वाटला. मी आणखी भडकले. म्हटलं, "असेल काय? तुम्हीच केलंय."

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे अर्ज : उरलेली रजा मंजूर करावी, परत कामावर येणार नाही. माझ्या टेबलावर सगळ्या किल्ल्या एका दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. भिंगं, पेचकस, दिवे, चहा.

मग तुझं पत्र आलं. तळ बघ म्हणालास. आमच्या फाइलींना तळ असतो मामा. प्रत्येक बदलाची नोंद असते, कोणी केला, कधी केला. मी चार दिवस उघडलीच नाही ती नोंद. उघडली तर माझंच नाव. दोन वर्षांपूर्वीची तारीख. आणि नाव बघितल्याबरोबर सगळं आठवलं. काकांच्या नव्या दिव्याची चाचणी होती. दिवा बदलला की काय फरक पडतो ते बघायचं होतं, म्हणून चिपमधलं बाकी काही हलू नये, यासाठी मीच सगळी दारं बांधून टाकली होती. एका दुपारपुरती. काका तेव्हा म्हणालेसुद्धा होते, "काम झालं की सोड हं ते, राहून जातं."

अजून कोणाला सांगितलेलं नाही. साहेब समजतायत चूक काकांची. कुपीवाले समजतायत. मी बारा दिवस पिकोसेकंदांच्या मागे लपून बसलेय. उरलेले ऐंशी पिकोसेकंद मला सापडत नाहीयेत आणि खरं सांगू, मी शोधतही नाहीये. दिवसभर तीच कमांड, तेच चार आकडे, आणि डोळ्यांसमोर त्या चिठ्ठ्या.

रविवारी जाणार आहे काकांकडे. 

ठमी


२३ मार्च

चि. ठमे,

घाईत. टपाल निघते आहे. आधी साहेबांना सांग, मग काकांकडे जा. आरोप ज्यांच्यासमोर झाला, कबुली त्यांच्यासमोर पोचल्यावाचून काकांच्या दारात उभी राहू नकोस. बिस्किटे वगैरे काही नेऊ नकोस, हात मोकळे ठेव. आधी ते दोन शब्द, मग इतिहास.

मामी म्हणते, तिला सांग की आम्ही आहोत. सांगितले.

मामा


३ एप्रिल

प्रिय मामा, प्रिय मामी,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. मी रविवारीच जाऊन आले होते. पण मामा, शनिवारी साहेबांकडे गेले होते, तुझं पत्र नसताना! त्यांना म्हटलं, ती कुलपं माझी होती, काकांची नव्हती, नोंद ही बघा. साहेब बराच वेळ नोंद बघत होते. म्हणाले, "कुपीवाल्यांना कळवायला हवं." म्हटलं, "मीच कळवते." तिथेच बसून कळवलं. बिस्किटं मात्र नेली होती, ती चूक झाली, सगळा वेळ पुडा कुठे ठेवू कळेना.

काका खिडकीशी बसले होते. समोर शेजाऱ्यांचा मोडका चष्मा, हातात बारीक पेचकस. मला बघून उठले, "ये, ये. किल्ली सापडत नाही का कुठली?"

मी दारातच म्हटलं, "काका, मी चुकले. ती दारं मी बांधली होती. तुम्ही नाही. साहेबांना काल सांगितलं."

काकांनी पेचकस खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी नव्हतो?"

"नाही."

"नक्की? बघितलंस?"

मी नोंदीचा छापील कागद नेला होता. काकांनी तो खिडकीपाशी धरला, खिशातलं भिंग काढलं आणि माझं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. तारीख वाचली. परत नाव वाचलं. आणि मग मामा, ते खुर्चीत बसले आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं त्यांना काही होतंय.

म्हणाले, "मला वाटलं, गेलं सगळं. बैठकीत मी त्या ओळी बघत होतो आणि मला काही म्हणजे काही आठवेना. तू एवढी ठामपणे म्हणालीस, म्हणजे मीच केलं असणार, असं वाटलं. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं. म्हटलं, आणखी कोणाचं नुकसान व्हायच्या आत निघावं."

तो टोमणा नव्हता मामा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. साडेचार आठवडे तो माणूस खिडकीशी बसून रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेत होता. शेजाऱ्यांची नावं, भिंगांचे नंबर, पाढे. माझ्यावर रागावले असते, वाईटसाईट बोलले असते तर मी सुटले असते. मी रडायला लागले तर म्हणाले, "अगं, रडतेस काय, चांगली बातमी आणलीस!" आणि आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? मी नव्हतो!" काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्या मात्र माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. जाताना बिस्किटांचा पुडा परत हातात दिला. बरोबरच आहे त्यांचं. परत जाणार आहे मी.

सोमवारी काका हजर. अर्ज मागे. किल्ल्यांचा दोरा सोडून चिठ्ठ्या फाडल्या आणि मला म्हणाले, "दाखव तुझे ऐंशी." मी तारांची मॉडेलं काढून दाखवली. एक तार बाकी सगळ्यांपेक्षा लांब होती, चिपच्या पार त्या टोकापासून येणारी. "ही कसली?" मी म्हटलं, दिवा लागल्याचा संकेत, तुमच्याच दिव्याकडून येतो. काका म्हणाले, "मग त्या टोकाला का? मी दिव्याची जोडणी या बाजूला आणून देतो की. त्याला कुठली बाजू याचं काय पडलंय?" मला हे सुचलंच नव्हतं, कारण माझ्या लेखी चिपच्या बाहेरचं सगळं ठरलेलं होतं, न हलणारं. त्यांच्या लेखी ती चार स्क्रूंची गोष्ट. दुपारपर्यंत जोडणी हलली. बुधवारी पूर्ण रचना परत चालवली, सगळी दारं, सगळ्या तारा, गरम दिवसाचे किरकिरे आकडे धरून. वेळेत पोचून सव्वीस पिकोसेकंद शिल्लक! मी उगाचच तीच कमांड चार वेळा दिली, आकडा बघायला बरं वाटत होतं म्हणून.

तीस तारखेला साहेब आणि कुपीवाले आले. पट्टा सुरू, कुप्या निघाल्या, आणि पडदा पूर्ण काळा. काहीच दिसेना.  मी धावत मशीनवर, रस्ता तपासते, मॉडेलं विचारते, सगळे आकडे जागच्या जागी. साहेब घड्याळ बघतायत. कुपीवाले एकमेकांकडे बघतायत. आणि मला दिसलं. कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण तसंच होतं. साहेबांनाही दिसलं.  भिंगाचं झाकण काढणं हे जगात एकाच माणसाचं काम, आणि त्या माणसाला "तुम्ही विसरलात" असं म्हणायची माझ्यात काय, साहेबांतही हिंमत नव्हती. सगळे छताकडे बघत उभे.

काका पुढे आले. झाकणाकडे बघितलं. दोन बोटांनी ते काढलं, उजेडात धरलं, आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघून असे हसत सुटले की कुपीवालेही हसायला लागले.

"हे मात्र मीच केलं हं," काका म्हणाले. "लख्ख आठवतंय!"

मग पडदा उजळला आणि तिसरीच कुपी उडाली. काकांनी ती उचलून भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. चीर होती.

तुमची,
ठमी